मीठ न घातलेली तुरीची शेंग: अकोट ते शेंदूरजनाघाट

गणपती उठले आणि आमच्या घरातून पाकिटं गेली. वेफर्स, नूडल्स, तयार सूप, फ्रोझन पराठे, सॉस, सगळं. संजयचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, ब्लडप्रेशर गोळ्यांनाही जुमानेना, तेव्हा डॉक्टरांनी पाकिटातलं खाणं तोडायला आणि मीठ कमी करायला सांगितलं. गडी मुकाट्याने घरचं जेवू लागला, पण भूकच मेली त्याची. ‘गवत खाल्ल्यासारखं लागतं,’ म्हणायचा आणि अर्ध्या पोळीवर उठायचा. डिसेंबर लागला तेव्हा त्याने जाहीर करून टाकलं, ‘नवीन वर्षापासून मी पूर्वीसारखं खाणार. मरायचं तर चवीने मरू.’ मी घाबरले. त्याच आठवड्यात अकोटहून माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा, वंदनाचा, फोन आला. ‘तुरीच्या शेंगा भरल्या हायेत, येऊन जाय दोघंबी.’ मी लगेच तिकिटं काढली.

ठाण्याहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी अकोला. स्वेटर हवाच. तिथून अकोटला एसटी मिळत राहते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे दोघांचं स्वस्तात भागतं. रस्ता तासा-दीड तासाचा. दोन्ही अंगांना फुटलेला कापूस, मधून तुरीच्या ओळी, आणि अकोट जवळ आलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. मी खिडकीला नाक लावून बसले होते. संजय झोपला होता.

वंदनाचे यजमान सुभाषभाऊ शाळेत शिक्षक, शेत गावाबाहेर. संध्याकाळी तिथेच चूल पेटली. नुकत्याच तोडलेल्या हिरव्या शेंगा पातेल्यात थोड्या पाण्यावर उकडायच्या, इतकाच स्वयंपाक. इतरांच्या पातेल्यात मीठ पडलं, संजयच्या नाही. चटईवर ढीग ओतला. संजयने पहिली शेंग उचलली आणि सरळ चावायला घेतली.

‘अवो भाऊ, सालटासकट काहून खाऊन राहिले?’ वंदना ओरडली. ‘दाणे काढा ना बाप्पा!’

आम्ही हसून लोळलो. तोही हसला, किती दिवसांनी! मग त्याने शेंग सोलून दाणे तोंडात टाकले.

‘सुभाषभाऊ, यात साखर घातली का?’

‘साखर कायले? आत्ताच तोडली, कवळी हाय. तिले काहीच लागत नाई.’

या शेंगा भराभर खाताच येत नाहीत. सोला, दाणे काढा, बोला, पुन्हा सोला. मूठभर एकदम तोंडात कोंबायची सोय नाही. अंधार पडेपर्यंत संजयसमोर सालींचा ढीग झाला. वर ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी घेतली. दुसरी भाकरी त्याने स्वतःहून मागितली आणि माझे डोळे भरून आले. धुराचं निमित्त करून मी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी परतवाड्याला गाडी बदलून, मोर्शी-वरुडमार्गे संत्र्यांचं शेंदूरजनाघाट. दिवस पुरा जातो, सकाळी लवकर निघा. सुभाषभाऊंच्या ओळखीच्या बागेत उतरलो तर झाडं संत्र्यांनी वाकलेली, फांद्यांना बांबूचे टेकू. मी नुसती बघत राहिले. इतकं सोनं उघड्यावर! बागवानाने झाडावरून संत्रं कापून हातात दिलं. साल काढताच त्यातल्या तेलाचा फवारा थेट नाकात गेला. संजय एकेक फोड चवीने खात होता. ‘संत्र्याची चव अशी असते?’ शेवटी तो म्हणाला. वर्षानुवर्षं आम्ही बाटलीतलं नारिंगी सरबत पीत आलो होतो.

परतीची गाडी बडनेऱ्याहून. घरी आलो आणि मला धाकधूक लागली. शेतातली जादू शहरात टिकते का?

गेल्या रविवारी संजय स्वतः मंडईत जाऊन तुरीच्या शेंगा घेऊन आला. मी बिनमिठाच्या उकडल्या. पहिला दाणा खाताच त्याने तोंड वाकडं केलं.

‘बेचव आहेत.’

मी मिठाचा डबा जवळ ओढला. ‘चिमूटभर मीठ घालू?’

‘मिठाने काय होणार? शिळी आहे शेंग. तोडून दोन-तीन दिवस झालेत, गोडवाच गेलाय तिचा.’

ज्याला सगळंच गवत लागत होतं, तो शेंगेतल्या हरवलेल्या गोडव्याची तक्रार करत होता! इतकी गोड तक्रार मी संसारात ऐकली नव्हती.

‘पुढच्या रविवारी पहाटेच जातो,’ पुढची शेंग सोलत तो म्हणाला, ‘माल उतरतो तेव्हा.’