अनंत म्हणजे पेठ वडगाव

मी बारावीला असतानाच आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कबनूरच्या कारखान्यात मालकांना सांगून ठेवलं होतं, "पोरगं पास झालं तर कॉलेज. न्हाय झालं तर जूनपास्नं तुमच्या मागावर." त्यात राग नव्हता आणि धमकीही नव्हती. आप्पा चार यंत्रमाग एकटे चालवायचे. शेजारच्या चार मागांवर घरचाच माणूस असला तर बरं, इतकंच त्यांना वाटत होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलंच नव्हतं, त्यामुळं तिथं पुढं नक्की काय असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

पुढं फिजिक्स होतं. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेला मी कोल्हापुरात आलो आणि इंग्रजीत बुडालो. गणित कसंबसं जमत होतं, केमिस्ट्री पाठ होत होती, पण 'इलेक्ट्रिक पोटेन्शियल' नावाचा धडा मला काही केल्या कळेना. मी त्याची व्याख्या वहीत देवनागरीत लिहून घेतली होती. 'वर्क डन इन ब्रिंगिंग अ युनिट पॉझिटिव्ह चार्ज फ्रॉम इन्फिनिटी टू दॅट पॉइंट.' म्हणजे एकक धन प्रभार अनंत अंतरावरून त्या जागेपर्यंत आणायला जे काम करावं लागतं ते. एका श्वासात म्हणायचो. सराव परीक्षेत आमच्या सरांनी विचारलं, "ठीक. म्हणजे काय?" मी पुन्हा म्हटली, थोडी सावकाश. सर म्हणाले, "ते ऐकलं रे. म्हणजे काय?" मी तिसऱ्यांदा म्हटली, जरा मोठ्यानं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ, बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येणार. त्यांनी 'म्हणजे काय' विचारलं की तू संपलास. लेखीत तू काठावर आहेस. तोंडीचे मार्क मिळाले तर तरशील, नाहीतर नाही."

मला सर दिसेनासे झाले आणि शेजारचे चार माग दिसायला लागले.

त्या व्याख्येत सगळ्यांना छळणारा शब्द 'अनंत' होता. धडा सुरू झाला त्या दिवशी सरांनी फळ्यावर एक ठिपका काढला, लांब हात करून विचारलं, "आता चार्ज अनंतावरून आणायचा. अनंत म्हणजे कुठं?" तेवढ्यात दारात आमचा एक मित्र उभा राहिला. तो रोज पेठ वडगावहून एसटीनं यायचा आणि रोज उशिरा यायचा.

"सर, आत येऊ का?"

"कुठनं आलास?"

"वडगावास्नं."

मग कसला वर्ग आणि कसलं काय! सरही फळ्याकडं तोंड करून हसले. त्या दिवसापासून आमच्या तुकडीत अनंत म्हणजे पेठ वडगाव, आणि त्या मित्राचं नावच वडगाव पडलं. तो चिडायचा. चिडला की माझ्यावर घसरायचा, कारण मला व्याख्या म्हणताना त्यानं ऐकलेलं. "गप ए टेपरेकॉर्डर. बटण दाबलं की सुरू!"

हे टेपरेकॉर्डर मला फार लागलं होतं.

मी शिवाजी पेठेत एका तालमीला लागून असलेल्या माडीवरच्या खोलीत राहायचो. तालमीत सकाळी कुस्ती आणि दिवसभर फुटबॉल. फुटबॉल म्हणजे खेळणं कमी, कट्ट्यावर बसून त्याबद्दल बोलणं जास्त. प्रॅक्टिकलच्या आधीच्या शनिवारी पेठेचा संघ दुसऱ्या पेठेच्या संघाकडून हरला. तालमीवर सुतकाची कळा होती. आणि रविवारी वडगाव माझ्या खोलीवर अभ्यासाला येणार होता.

शुक्रवारीच त्यानं मला सांगितलं होतं की वडगावच्या बाजारात त्यानं तोंडी परीक्षेसाठी नवा शर्ट घेतलाय. शर्टाचा रंग त्यानं सांगितला आणि मी मनात म्हटलं, वा! तो रंग त्या दुसऱ्या पेठेचा होता, अगदी त्यांच्या खेळाडूंच्या अंगावर असायचा तसाच. रंग मी इथं सांगत नाही. अजून त्या गल्लीत माझं येणं-जाणं आहे.

शनिवारचा निकाल कळल्यावर मी कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवरून त्याच्या गावातल्या दुकानात फोन लावला आणि निरोप ठेवला, "उद्या येताना नवा शर्ट घालून यायला सांगा. फिटिंग बघूया म्हणावं."

रविवारी मी स्टँडवर एका गाड्याच्या आडोशाला उभा राहिलो. वडगाव एसटीतून उतरला, कॉलर ताठ, केसांना तेल. मी त्याच्या मागं वीस पावलांवर चालू लागलो. स्टँडवर त्याच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. लक्ष्मीपुरीत एका सायकलवाल्यानं मान वळवली. बिंदू चौकात पानपट्टीवाला म्हणाला, "काय पावणं, आज लई रंगात?" वडगावला वाटलं कौतुक चाललंय. त्यानं कॉलर आणखी ताठ केली. खरी कॉर्नरला चौघंजण उठून उभे राहिले. "कुठं निघालाय नटून?" त्याची चाल जरा मंद झाली. निवृत्ती चौकात ओरडा सुरू झाला. आणि माझ्या गल्लीच्या तोंडाशी, तालमीच्या कट्ट्यावरून, एकदम आठ-दहा आवाज: "ए पावणं! शर्ट काढा, मगच फुडं जावा!"

माझं दार तिथून पंधरा पावलांवर होतं. ती पंधरा पावलं त्याला जाईनात. एक पाऊल टाकलं की आवाज दुप्पट. वरून कुणीतरी तांब्याभर पाणी फेकलं. तो वळला आणि सुटला. सुरुवातीला एकदम जोरात, मग जसजसा लांब गेला तसा ओरडा कमी झाला, पण त्याचा वेग काही कमी होईना. तो वळताच मी त्याच्या आधी पळून खरी कॉर्नर गाठला आणि एका खांबामागं हसत वाकलो होतो, तिथं त्यानं मला पकडलं.

"हे तुझं काम व्हय!"

मला नाही म्हणता आलं नाही. हसू आवरत नव्हतं.

"मागच्या गल्लीनं जातो की मग," म्हणून तो फिरून दुसऱ्या बाजूनं गेला. तिकडूनही तेच, फक्त आवाज वेगळ्या क्रमानं आले. परत आला तेव्हा केसातलं तेल आणि पाणी मिळून कपाळावर ओघळत होतं. त्यानं तिथंच रस्त्यात शर्ट काढला आणि माझ्या छातीवर दाबला.

"आता तू घाल."

"मी? मी हितलाच हाय, मला वळखतात."

"मग भ्यायचं काय? घाल. न्हायतर सरांस्नी सांगतो, तोंडीच्या आधी काय अभ्यास केलास ते."

घातला. तो माझा शर्ट घालून बिनघोर मागं चालू लागला, आणि त्याला कुणी काही बोललं नाही. मला मात्र पहिल्याच वळणावर एका पानवाल्याची नजर टोचली. मला वाटलं होतं ओळखीच्या माणसाला सूट मिळेल. छे! तालमीतल्या ज्या दादानं आदल्या आठवड्यात मला चहा पाजला होता, तोच पहिला ओरडला, "फितूर!" प्रत्येक पावलाला मला छातीनं काहीतरी ढकलावं लागतंय असं वाटत होतं, आणि दार जवळ येईल तसं ते जड होत होतं. शेवटच्या चार पावलांत बादली आली. तांब्या नव्हे, बादली.

मी चिंब होऊन दाराशी पोचलो आणि पायरीवर तसाच उभा राहिलो. वडगाव मागून येऊन म्हणाला, "काय झालं? रडतोस काय?"

"लेका," मी म्हणालो, "त्यांचा तुझ्यावर राग नव्हता. माझ्यावर बी न्हाय."

"मग कुणावर?"

"कुणावर न्हाय. ह्या दाराचाच आकडा तेवढा हाय. शर्ट घालून कुणीबी येऊ दे, वडगावास्नं हितवर यायला तेवढंच ढकलावं लागणार. कुणी आलं न्हाय तरी आकडा हितं हायच. त्येच पोटेन्शियल."

त्यानं मला दारातून आत ढकललं. मग म्हणाला, "टेपरेकॉर्डर बंद पडला वाटतं," आणि आम्ही दोघं त्या दिवशी खरोखर अभ्यासाला बसलो. माझ्या आयुष्यात एखादी गोष्ट पाठ न करता कळण्याची ती पहिली वेळ. त्याचं निम्मं श्रेय त्या बादलीवाल्याला आहे. तो कोण, हे मला कधीच कळलं नाही.

प्रॅक्टिकलच्या दिवशी परीक्षक पुढं बसले होते आणि सर माझ्या मागं उभे. परीक्षकांनी पोटेन्शियलच विचारलं. मी सुरुवात केली, "वर्क डन इन ब्रिंगिंग अ युनिट पॉझिटिव्ह चार्ज फ्रॉम..." आणि वर्षभराच्या सवयीनं जीभ घसरली. "फ्रॉम पेठ वडगाव."

मागं सरांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "पेठ वडगाव?"

आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. "सर, वडगाव पाहिजेच असं नाही. जिथं त्या शर्टाकडं कुणी बघत नाही अशी कुठलीही लांबची जागा चालेल."

"कुठला शर्ट?"

मी सगळं सांगितलं, बादलीसकट. ते मध्येमध्ये विचारत गेले.

"दोघं शर्ट घालून आले असते तर?"

"तर काम दुप्पट, सर. पण माणशी तेवढंच. म्हणून व्याख्येत एकक म्हणतात."

"दुसऱ्या गल्लीतून आला असतास तर?"

"मित्रानं जाऊन बघितलंय, सर. भिजायचं तेवढंच."

"आणि तुझ्याच पेठेच्या संघाचा शर्ट असता तर?"

"मग ढकलावंच लागलं नसतं. त्यांनीच ओढून आत नेलं असतं. चार्ज उणा, म्हणून काम उणं. दाराचा आकडा मात्र तोच."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग पुढं वाकून हळूच म्हणाले, "रंग कुठला होता?"

मी सांगितला.

"त्या रंगाच्या पेठेतच आमचं घर," ते म्हणाले आणि हात करून पुढच्याला बोलावलं.

निकालापर्यंत हे मी कुणाला बोललो नाही. लेखीत मी काठावरच राहिलो, पण तोंडीच्या मार्कांनी मला वर ओढलं. सरांनी मार्क बघून सांगितलं की दोनच कापलेत. बहुतेक शर्टाचे.

कबनूरला निकाल सांगायला वडगाव माझ्याबरोबर आला, आणि मुद्दाम तो शर्ट घालून. कारखान्यात मागांचा खडखडाट एवढा असतो की कानाला तोंड लावून बोलावं लागतं. आप्पांनी हातानंच विचारलं, काय? मी मान डोलावली, पास झालो. ते बाहेर दाराशी आले. वडगावनं त्यांना शर्टाची आणि अनंताची सगळी गोष्ट सांगितली. मी मागाकडं बघत राहिलो, कारण आप्पांना असली मस्करी आवडायची नाही.

आप्पांनी शर्टाचं कापड दोन बोटांत धरून बघितलं, वीण तपासावी तसं. मग विचारलं, "पावणं, हितवर आलासा ह्यो शर्ट घालून. वाटेत कुणी काय म्हणलं?"

"न्हाय की, आप्पा."

"मग अनंत काय वडगावातच हाय असं न्हाय. कबनूरला बी हायच की."

जे कळायला मला वर्ष आणि एक बादली लागली, ते आप्पांनी दारात उभ्या उभ्या सांगून टाकलं. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडं बघत असतानाच ते वळले आणि मालकांच्या खोलीच्या दारातून, आतल्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणाले, "मालक, त्ये शेजारचं चार माग दुसऱ्याला द्या. आमचं पोरगं येत न्हाय!"