माठाचा घाम

आज नांदेडात ऊन लईच तापलंय, मंडळी. दुपारी लातूरला शिकणारी लेक फोनवर जीवशास्त्र पाठ म्हणून दाखवत होती, "घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून बाहेर तापलं तरी शरीर आतून ठीक राहतं."

मला एकदम बाबाच आठवले. ते मुदखेडला रेल्वे रुळांवर काम करायचे. संध्याकाळी ओल्या सदऱ्यानं दारात आले की आम्ही पोरं नाक दाबायचो. ते दाराजवळच्या पाझरत्या माठावर हात ठेवून हसायचे, "आरं, मी बी माठच हाय. पाझरलो न्हाई तर गार कसा ऱ्हाईन?"

आता घरात एसी आहे. माठ नाही, बाबाही नाहीत.

तुम्हाला कुणाच्या घामाचा वास अजून ओळखता येईल?