झडप उघडी ठेवणाऱ्या बाई

प्रयोगशाळेत बाईंना टाचणी म्हणत. अंगकाठी बारीक म्हणून नव्हे; जिथे हात लावाल तिथे टोचायच्या म्हणून. एक्स-रेचं यंत्र त्यांच्या ताब्यात होतं आणि नवरा शेजारच्या इमारतीत भट्टीवर स्फटिक वाढवायचा. एका धातूच्या ऑक्साइडमध्ये दुसऱ्या धातूची चिमूटभर भेसळ करायची, हे त्याचं काम. भेसळ करून इमानेइतबारे पगार घेणारा माणूस विरळाच.

त्या स्फटिकाचा खडा खूप गार केला की त्यातले इलेक्ट्रॉन रांगेत बसकण मारतात आणि वीज बंद पडते, म्हणजे एरवी धातूसारखी वीज वाहून नेणारा खडा विटेसारखा ठोंब होतो, असा नवऱ्याचा दावा होता. इलेक्ट्रॉन असे रांगेत बसले तर एक्स-रेच्या चित्रात जादा ठिपके उमटायला हवेत. ते उमटेनात. वीजही खुशाल वाहत होती. प्रयोगशाळेच्या साहेबांनी बजावलं होतं की सोमवारपर्यंत ठिपके दिसले नाहीत तर भट्टी कायमची बंद.

"भेसळ चुकलीय तुझी," बाईंनी जेवताना ऐकवलं. "भाजीत मीठ टाकतोस तशीच टाकली असशील, डोळे मिटून."

"मोजून घातलीय गं."

"मग काय एक्स-रे खोटं बोलतोय?"

नवरा खाली मान घालून भात कालवू लागला. जिरली एकदाची, असं बाईंना वाटलं.

बाईंचा एक खाक्या होता. खड्यावर एक्स-रे सोडणारी झडप सकाळी उघडली की दिवसभर उघडीच. दर मोजणीला ती उघडा, मिटा, पुन्हा सगळं जुळवा, एवढा धीर त्यांना कुठला! शुक्रवारीही खडा गार होत होता, आणि चित्राचा तोच नन्नाचा पाढा चालला होता. बाईंनी वैतागून यंत्राच्या कपाटाच्या दाराला सणसणीत लाथ घातली. दाराचा सुरक्षेचा खटका हलला आणि झडप मिटली. "मर तिकडे," म्हणून बाई चहाला गेल्या. खडा अंधारात गार होत राहिला.

परत येऊन पाहतात तर वीज शून्य! खड्याला जोडलेली तार तुटली असेल, असं म्हणत त्यांनी चित्र बघायला झडप उघडली. पडद्यावर ठिपके होते, चांगले ठसठशीत. पण बघता बघता ते विझू लागले आणि वीज वाहू लागली. बाईंनी खडा तापवून अंधारात पुन्हा गार केला. वीज बंद. झडप उघडली, की सुरू.

मग बाईंच्या ध्यानात आलं. बसलेल्या इलेक्ट्रॉनांना उघड्या झडपेतून येणारा एक्स-रेच ढोसून उठवत होता. खडा मुळीच खोटा नव्हता. शोध मोठा होता, पण आधी नवऱ्याला सांगायला हवं म्हणून त्या धावतच भट्टीकडे गेल्या.

भट्टी विझलेली होती. नवरा अर्धवट वाढलेल्या स्फटिकाचे तुकडे खोक्यात भरत होता.

"हे काय केलंस? सोमवार कुठे उजाडलाय?"

"वाट कशाला बघायची? तू म्हणालीस ना, भेसळ चुकलीय."

"आणि तू ऐकलंस? भांडायचंस की माझ्याशी!"

"मी मोजलं की मला शंका येते," तो म्हणाला. "तू मोजलंस की येत नाही."

बाईंना भयंकर लाज वाटली.

"खडा बरोबर होता," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं. सोमवारी साहेबांना ठिपके दाखवते मी."

नवऱ्याने हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हा प्रश्न त्याने त्यांना पहिल्यांदाच विचारला.

"नक्की ना?"