मोटारीच्या पेटीजवळचा शब्द

फुलसावंगीच्या स्टँडवर एस.टी. लागली तेव्हा याडी, म्हणजे माझी आई, खिडकीखाली उभी होती. "भाकर लवकर खाऊन घेजो, खराब होईन," म्हणाली. मी बॅग सरकवण्याचं निमित्त केलं. बा गेल्यापासून मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होतो.

आता पुण्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या बंजारा तांड्यावरच्या घरातला कॉलेजात आलेला मी पहिलाच. होस्टेलची मुलं म्हणतात, "चल, चहा ग्रॅब करू." म्हणजे घाईत पिऊन येऊ, एवढंच. मॅडमनी प्रत्येकाला एका इंग्रजी क्रियापदावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी तेच घेतलं. अर्थ सापडले: झटकन धरणं, हिसकावणं, कुणाची जमीन बळकावणं. शब्द डचांकडून आला असावा. आपल्या 'ग्रहण'शी त्याचं लांबचं नातं असल्याचंही काही अभ्यासक मानतात. शेवटी स्वतःचं एक उदाहरण द्यायचं होतं. तिथे पेन थांबलं.

मला एकच आठवत होतं. विहिरीवर मोटारीची पेटी उघडताना बाला करंटनं धरलं. मी त्याला ओढायला धावलो. याडीनं मागून सदरा धरून मला चिखलात पाडलं आणि वाळक्या काठीनं बाच्या हातावर मारलं. हात सुटला. बा उठला नाही.

मौतीला आलेला काका सगळ्यांसमोर म्हणाला, "पोट्टं धावलं होतं, इनंच अडवलं." मला ते खरं वाटलं. वर्षभर वाटत राहिलं.

त्या दुपारी वही तशीच ठेवून फोन लावला. "याडी, तवा तू मले कायले धरलं?"

ती म्हणाली, "तू हात लावला असता त कोनाकोनाले सोडवलं असतं रे मी? काठी एकच होती."

वर्गात मी चहाचंच वाक्य सांगितलं.

तांड्यातल्या मित्रांनो, तुम्ही विचारता, घराची आठवण येते का. पेटी अजून तीच आहे. सकाळी लाईन आली की याडी एकटी विहिरीवर जाते. मोटार चालू झाली की मला मिस्ड कॉल देते. माझ्यासाठी घर म्हणजे आता तेवढंच. तो कॉल येईपर्यंत मी वर्गाच्या दाराबाहेर उभा असतो.