पांढरे मोजे

कपाट आवरताना तळाशी पांढऱ्या मोज्यांचा जोड सापडला आणि पेणच्या कॉलेजातला आमचा बीकॉमचा निरोप समारंभ आठवला. पहाटे आईबरोबर मिठागरात मीठ ओढून माझ्या टाचांना भेगा पडायच्या. त्या कुणाला दिसू नयेत म्हणून तीन वर्षं, भर उन्हाळ्यातसुद्धा, मी मोजे घालून वर्गात बसले. त्या दिवशी वर्गातर्फे बोलायला सरांनी मला उभं केलं. व्यासपीठावर सरस्वतीची तसबीर होती, म्हणून पायरीशीच चपला काढायच्या होत्या. मी चपला काढल्या, जरा थांबले आणि मोजेही काढले. पहिल्या रांगेतली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "अगो, पाय बघ तिचे!" मी माइक धरला. "बघा, नीट बघा. मिठागरातले पाय हायत हे. पहिल्या वर्षी मला यांची लाज वाटायची. आता नाय वाटत. तीन वर्षांत मी काय शिकले विचाराल, तर हे." शेवटच्या रांगेत माझी आई बसली होती. खुर्चीखाली ओढून घेतलेले आपले अनवाणी पाय तिने सावकाश पुढे घेतले. त्या मोज्यांनी आज मी कपाट पुसलं.