रेघेच्या अलीकडचे दहा फूट

दादाची गाडी शून्यापासून शंभरच्या वेगाला किती सेकंदांत पोचते, हे मोजायचं ठरलं तेव्हा पिंपळवंडीत कुणाच्या मनात मोबाइल आला नाही. सगळे एकच म्हणाले, तात्यांना बोलवा.

तात्या म्हणजे घाटातलं घड्याळ. आमच्या जुन्नर-आंबेगावात घाट म्हणजे बैलगाड्या पळवायची चढाची धाव, आणि तिथं हारजीत सेकंदाच्या शंभराव्या हिश्शावर ठरते. तात्या कित्येक वर्षं तिथं स्टॉपवॉच धरतात. एकदा त्यांच्या स्वतःच्या जावयाच्या गाड्याची वेळ किंचित जास्त भरली, त्यांनी तीच सांगितली, नंबर हुकला, आणि त्या दिवाळीला त्यांची लेक माहेरी आली नाही. तात्यांनी वेळ बदलली नाही. अशा माणसाने सांगितलेल्या आकड्यावर आमच्याकडे वाद होत नाही.

दादा माझा चुलतभाऊ. चाकणच्या एका कंपनीत इंजिन तपासायच्या लाइनवर होता. तिथून सुटून त्याने हायवेच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. पुढे ट्रॅक्टर आणि पिकअप दुरुस्तीला, आणि मागे ताडपत्रीखाली त्याची खरी कमाई. एक लाल, छोटी, टर्बो पेट्रोल हॅचबॅक, अपघातात पुढून चेपलेली, अर्ध्या तोंडाची घेतलेली.

ट्यूनिंग म्हणजे सायलेन्सर फाडून गाव उठवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी दादाला काम करताना एकदा पाहावं. किती हवेला किती पेट्रोल, ठिणगी कोणत्या क्षणी, टर्बोने हवा किती दाबायची, हे सगळं इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं असतं. कंपनी ते हात आखडून लिहिते, कारण तिला भेसळीच्या पेट्रोलवरही गाडी चालवून दाखवायची असते. दादा लॅपटॉप जोडून तोच तक्ता एकेक घर बदलत जायचा. एक घर बदललं की गाडी फिरवून आणायची, कानाला हेडफोन लावून इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटल्याचा ठोका येतो का ऐकायचा, आला तर मागे यायचं. असे आठ महिने. हवा थंड करायचा मोठा रेडिएटर त्याने दुसऱ्या गाडीचा बसवला. टर्बोपासूनचा जाड पाइप नारायणगावच्या एका ट्रॉली बनवणाऱ्या वेल्डरने वाकवून दिला. तो वेल्डर म्हणाला होता, "भाऊ, ट्रॉलीला एवढी सफाई मागितली अस्ती तर मी तुला हाकलून दिला अस्ता."

गावातले लोक विचारायचे, एवढं पळवून जायचंय कुठं? बैल अकरा सेकंदांत घाट चढून कुठं जातात, हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही. पुण्यातल्या पोराने गाडी बनवली की तो छंद, आमच्यातल्या पोराने बनवली की तो माज. हा हिशेब मला तेव्हाही मान्य नव्हता, आजही नाही.

गाडी हायवेवर पळवायची नाही, ही माझी अट होती आणि दादाचीही. गावाबाहेर एक प्लॉटिंगचा रस्ता आहे. सरळ, डांबरी, दोन्ही बाजूंना नंबर घातलेले दगड आणि एकही घर नाही. मालकाची परवानगी घेतली, दोन्ही टोकांना पिकअप आडव्या लावल्या. तात्यांनी चुन्याची रेघ मारली. दादाने स्पीडोमीटरच्या काचेवर बारीक लाल पट्टी चिकटवली, शंभरच्या जरा पुढे. कारण काटा नेहमी जास्त दाखवतो. खरे शंभर जिथं होतात तिथंच घड्याळ थांबलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तात्या डाव्या सीटवर बसले, टोपी मांडीवर काढून ठेवली आणि दादाला म्हणाले, "तू गाडी बघ. घड्याळाकडं बघू नगं."

मी रेघेजवळ वही घेऊन उभी होते. गाडी गेली. परत आली तेव्हा तात्यांनी काचेतून हात बाहेर काढला. सहा पॉइंट सहा.

"लई झालं राव!" बघायला आलेला वेल्डर ओरडला. दादा खाली उतरला आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

आता माझं काम होतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आमच्या घरी पाळण्याच्या बाजूला पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील डोंगरातल्या गावांच्या पाण्यासाठी, रस्त्यासाठी पत्रकं लिहायचे. मी त्यांच्याबरोबर एसटीने आहुप्यापर्यंत जाऊन ती वाटली आहेत, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना देवराईच्या कडेला बसून वाचूनही दाखवली आहेत. म्हणून दादासाठी मी एक पानाचं पत्रक लिहिलं. "शून्य ते शंभर : ६.६ सेकंद. पुण्यात नाही. पिंपळवंडीत." आळेफाट्याच्या मिसळीच्या हॉटेलांत, पेट्रोल पंपावर, डिंगोऱ्यापर्यंतच्या चहाच्या टपऱ्यांवर ठेवून आले. रविवारी सकाळी पुण्याच्या पोरांच्या गाड्या त्याच रस्त्याने माळशेजला जातात.

आठवड्याभरात फोन आला. त्यांच्या ग्रुपवर पत्रकाचा फोटो फिरला होता. येत्या रविवारी ते येणार होते, आकडा स्वतः बघणार होते, आणि खरा निघाला तर पाच गाड्या दादाच्या हातात देणार होते. इकडे चाकणच्या कंपनीने दादाला परत बोलावलं होतं, एक तारखेला हजर व्हा म्हणून. पाच गाड्या आल्या तर शेड राहणार होती. नाही आल्या तर दादा पुन्हा लाइनवर. एवढं सोपं होतं ते.

रविवारसाठी मी दुसरं पत्रक लिहायला बसले. वडिलांनी मला पत्रकाचा एकच नियम शिकवला आहे. आकडा लिहिलास तर तो कुणी, कुठं उभं राहून, कसा मोजला तेही खाली लिही. एकदा त्यांच्या पाण्याच्या पत्रकात तीन घरं जास्त छापली गेली होती. तहसीलच्या साहेबांनी पूर्ण बैठक त्या तीन घरांवर घालवली, आणि जी घरं खरोखर तहानलेली होती त्यांच्याबद्दल चकार शब्द निघाला नाही. पहिल्या पत्रकात मी तो नियम घाईत मोडला होता. म्हणून तात्यांकडे गेले.

ते गोठ्यात होते. कसं मोजलं ते लिहून घ्यायचंय म्हटल्यावर खुलले. "घाटात मोजतो तसंच की. रेघंच्या मागं दहा फुटावर गाडी लावली. तिचं नाक रेघंवर आलं की दाबलं. काटा पट्टीवर आला की सोडलं."

"म्हणजे गाडी सुटली तेव्हा नाही दाबलं?"

"सुटली तवा कशाला? निशाण रेघंवर आस्तंय."

मी रेघेजवळच उभी होते. गाडी दहा फूट मागे लागलेली माझ्या डोळ्यांनी पाहिली होती आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं. आमच्याकडे कुणालाच खटकलं नसतं. बैल जागेवर उभे राहत नाहीत, उसळतात, मागेपुढे होतात; म्हणून घाटात वेळ रेघेपासूनच धरतात. ते तिथं शंभर टक्के खरं आहे. पण शून्य ते शंभरमधला सगळ्यात जड भाग तो शून्याचाच. उभी गाडी हलवायलाच वेळ जातो. त्या दहा फुटांत एक सेकंद आणि वर थोडा निघून गेला होता. दादाने शेवट एवढा कसून धरला आणि सुरुवात कुणी पाहिलीच नाही.

शेडवर जाऊन सांगितलं तेव्हा दादा एका ट्रॅक्टरखाली होता. तो बाहेर आला नाही. त्याचे पाय तेवढे दिसत होते.

"लॅपटॉप सात पॉइंट नऊ दाखवत व्हता," आतून आवाज आला.

"तुला माहीत होतं?"

"लॅपटॉप सुरवातीला अडकतोय म्हणलं. तात्या चुकत न्हाईत, म्हणलं."

"तात्या चुकले नाहीत. आपण त्यांना बैलांसारखी गाडी मोजायला दिली."

आता तो बाहेर आला. हाताला ग्रीस, तोंडावर राग. "तायडे, सातच्या आत आकडा हाय म्हणून ती पोरं येत्यात. सात-नऊ तर त्यांच्या तिकडं गल्लीत मिळतोय. तू पत्रक लिव्हतीस, पत्रकाला हप्ता न्हाई, भाडं न्हाई. एक रविवार गप बस. त्यांच्या गाड्या मी खरंच चांगल्या करनार हाय. त्यात खोटं काय?"

तो खरंच चांगल्या करणार होता. घरी जाऊन मी दोन तास वहीपुढे बसले. मग पहिल्याच पत्रकाच्या उरलेल्या सगळ्या प्रतींवर लाल पेनाने ६.६ खोडून ७.९ लिहिलं आणि खाली लिहिलं : "गाडी उभी असल्यापासून, सपाट रस्त्यावर, खऱ्या शंभरपर्यंत. आधीचा आकडा रेघेपासून धरला होता. चूक पत्रक लिहिणारीची." दादाला विचारलं नाही. ते मी आजही बरोबर केलं असं म्हणणार नाही. पण पुन्हा तेच करेन.

रविवारी सकाळी आठ वाजता सहा गाड्या शेडपुढे लागल्या. चकचकीत, जमिनीला टेकलेल्या. मी प्रत्येकाच्या हातात पत्रक दिलं. दादा ते त्यांच्या हातात बघत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

पहिला हसला तो काळ्या गॉगलवाला. "सात-नऊ? अरे मग आम्ही इतक्या लांब मिसळ खायला आलो का?"

"मिसळ चांगलीय पण," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

"आणि ताई, हे खाली निबंध कशाला? पहिला फूटभर सगळेच सोडून देतात. त्याला रोलआउट म्हणतात. बाहेरच्या देशांतही तसंच धरतात."

"सगळे सोडतात म्हणून तो फूट रस्त्यावरून नाहीसा होत नाही," मी म्हणाले. "सोडला तर लिहा, सोडला म्हणून."

तेवढ्यात तात्या आले. त्यांना मी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. आज धुतलेलं धोतर, गळ्यात घड्याळ. ते सरळ गॉगलवाल्यापुढे जाऊन उभे राहिले. "पावणं, बैल उभा ऱ्हात न्हाई, म्हणून रेघ. गाडी उभी ऱ्हाती. ह्ये मला सुचाया पाहिजे व्हतं, न्हाई सुचलं. आता तुमची गाडी किती सेकंदाची?"

"सेव्हन टू. पुण्यात ट्यून केलीय."

"कुनी मोजली?"

"ज्यानं ट्यून केली त्यानंच."

तात्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने पहिल्यांदाच माझ्या हातातलं पत्रक घेतलं, खालच्या ओळी वाचल्या, आणि म्हणाला, "चला प्लॉटिंगवर. आमची पन परत मोजू, तुमची पन."

आधी आमची मोजली. एकदा जाताना, एकदा येताना, रस्त्याला उतार असेल तर फिटावा म्हणून. तात्या डाव्या सीटवर, नजर पुढच्या चाकाजवळच्या डांबरावर. गाडी हलली की घड्याळ. सात-नऊ आणि आठ. लॅपटॉपने तेच दाखवलं. मग गॉगलवाल्याची. दादाने आधी त्याला बरोबर घेऊन एक फेरी मारली, लॅपटॉपवर खरे शंभर बघितले आणि त्याच्याही काचेवर तिथं पट्टी चिकटवली. जाताना आठ-चार. येताना आठ-तीन.

"रस्ता खराब आहे," तो म्हणाला.

"आमच्या गाडीखालचा काढून तुमच्या गाडीखाली दुसरा टाकला न्हाई, भाऊ," दादा म्हणाला.

कुणी हसलं नाही. गॉगलवाला गाडीत बसला, दार आपटलं आणि माळशेजकडे निघून गेला. त्याच्यामागे इतरही गेले. पाचातली एकही गाडी दादाच्या हातात आली नाही. धूळ बसेपर्यंत आम्ही तिघे चुन्याच्या रेघेवर उभे होतो.

"झालं समाधान?" दादा मला म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "पण आकडा खरा आहे."

"आकडा खरा हाय," तात्या म्हणाले, आणि पायाने रेघ पुसून टाकली.

दुपारी माळशेजवरून परतताना एक पांढरी गाडी शेडपाशी थांबली. सकाळी शेवटी उभा असलेला, काहीच न बोललेला मुलगा. त्याने विचारलं, "माझीही मोजाल? मी सहा-नऊ म्हणून विकत घेतलीय." दादाने हात पुसले. ती साडेसात सेकंदांना भरली. तो म्हणाला, "सहा-नऊ करता येईल का?" दादा म्हणाला, "ठोका ऐकल्याबिगर सांगता येनार न्हाई. गाडी ठिवून जा."

एक तारखेला दादा चाकणला गेला नाही. शेड फार चालते असं नाही. आठवड्यातले पाच दिवस अजून ट्रॅक्टरच असतात. पण रविवारी लोक येतात, पळवायला कमी आणि मोजून घ्यायला जास्त. पुण्याहून एका ट्यूनरचा फोन आला होता. आमच्या गिऱ्हाइकांची डोकी का फिरवता, मोजायचं बंद करा, नाहीतर बघून घेऊ. दादाने फोन स्पीकरवर टाकला होता. "या की," तो म्हणाला, "रस्ता सरळ हाय. तुमची गाडी पन घिऊन या."

त्याच संध्याकाळी त्याने शेडच्या पत्र्यावर ऑइलपेंटने हातभर उंच ७.९ लिहिलं. खाली माझ्या पत्रकातल्या ओळी, शब्दाला शब्द. फक्त "चूक पत्रक लिहिणारीची" हे वाक्य गाळून तिथं त्याने "चूक आमची" असं लिहिलं. हायवेवरून जाणारे लोक तो आकडा बघून हसतात. याहून चांगला आकडा कुठल्याही जाहिरातीत मिळतो. हसू देत. दादा अजून तक्त्यातलं एकेक घर बदलतो आहे. ज्या दिवशी तात्यांच्या घड्याळात उभ्या गाडीपासून सात पॉइंट आठ भरेल, त्या दिवशी ७.९ मधल्या नऊवर रंग मारू. तोवर पत्र्यावर नऊच राहील.