निखिल, अकरा ऑगस्ट आणि पुराचं पाणी

दहा ऑगस्टला संध्याकाळी लष्कराचा आमचा फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे पूरमदतीची तुकडी, गडचिरोलीहून भामरागडकडे निघाला. एक बोट, चार गाड्या. मी घुग्घुसचा, निखिल माजरीचा. त्याचे वडील कोळसा खाणीत, त्याआधीच्या पिढ्या कापसाच्या शेतात; तो स्वतः गावी जयंतीच्या स्टेजवर रॅप करायचा. सगळ्या कॉलममध्ये इकडची बोली कळणारे आम्ही दोघंच.

रोल कॉल होऊन गाडीत बसल्यावर निखिलनं जाहीर केलं, "साब, कल हिप-हॉप को पचास साल पूरे।"

सुभेदारसाहेब हरियाणाचे. "तेरे मामा का लड़का है क्या?"

"वही समझो साब। कपास के खेत की रिश्तेदारी है।"

गाडीतले सगळे हसले. हसायला काय जातं? १९७३ च्या अकरा ऑगस्टला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात काळ्या कुटुंबातल्या एका भावाबहिणीनं इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. हिप-हॉप तिथून सुरू झालं असं मानतात. पण मूळ त्याच्या कितीतरी आधीचं आहे. कापसाच्या शेतात गुलाम राबायचे. एक जण ओळ टाकायचा, बाकीचे झेलायचे. निखिल म्हणायचा, "मालकाले वाटे, गाऊन राह्यले. ते एकमेकाले सांगत होते का बाबा, मी जिवंत हाय." ज्यांच्या घामावर अमेरिका उभी राहिली, त्यांच्या गाण्याला आपल्याकडचे शहाणे अजून धांगडधिंगा म्हणतात. पन्नास वर्षं झाली, तरी म्हणतात. मला याची चीड आहे. म्हणून हे लिहितोय.

सकाळी आम्ही गावात पोचलो. गाव माडिया आदिवासींचं, नाल्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं. अलीकडचे लोक दुपारपर्यंत उंचावरच्या शाळेत आणले. पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, पाच जण अडकले होते. तीनच्या सुमारास पावसानं असा जोर धरला की वीस पावलांवरचं झाड दिसेना. पाणी चढत होतं. कुठलं घर कुठं, काही कळत नव्हतं.

बोटीत निखिल आणि हवालदारसाहेब. काठावर मी, दोर आणि रेडिओ घेऊन.

"हाक मारून पाह्यतो," निखिल रेडिओवर म्हणाला. "इंजिन बंद करतो. ओव्हर."

हिंदी-मराठीतून हाक मारून उपयोग नव्हता. तिकडच्या म्हाताऱ्यांना ती कळली नसती. सकाळी शाळेत बायका पोरांना गप्प करायला रेला, म्हणजे त्यांचं नाचा-सणाचं गाणं, गात होत्या. एक ओळ टाकते, बाकीच्या उचलतात. निखिलनं ती चाल तिथल्या तिथं उचलली होती. आता पाण्याच्या मधोमध उभं राहून त्यानं तीच ओळ टाकली. समोरून तिघांनी झेलली. बोट आवाजाच्या रोखानं गेली आणि तिघांना घेऊन आली.

राहिल्या दोघी. एक आजी आणि तिची सात-आठ वर्षांची नात, छपरावर.

बोट परत गेली. निखिलनं ओळ टाकली, आणि माझ्या पाठीमागून अख्ख्या शाळेनं ती झेलली. शंभरेक माणसं.

"दोन्हीकडून आवाज येऊन राह्यला," रेडिओवर निखिल. "कोनता खरा? ओव्हर."

"चुप कराओ उनको!" माझ्या शेजारी उभे सुभेदारसाहेब ओरडले.

मी शाळेकडे धावलो. "गाऊ नोका, बाई! त्याले समजून नाई राह्यलं!"

पुढं बसलेली, थोडीफार मराठी येणारी म्हातारी मलाच रागावली. "तो ओळ टाकते अन् आमी गप बसाव? पान्यात एकटा हाय ना तो!"

तिच्या लेखी ओळ खाली पडू देणं म्हणजे त्या पोराला सोडून देणं. मी हात जोडले. "बाई, छपरावरच्या पोरीचा आवाज दबून राह्यला. तिच्यासाठी थांबा." तिनं हात वर केला. शाळा गप्प झाली. लहान पोरांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले. पण तोवर इंजिन बंद असलेली बोट बरीच खाली वाहत गेली होती.

निखिलनं पुन्हा ओळ टाकली. पाऊस, आणि मग एक बारीक आवाज.

"सापडली! डावीकडं. ओव्हर."

पुढचं मी पाहिलं नाही. हवालदारसाहेबांनी सांगितलं तेच सांगतो. बोटीत राखीव लाइफ जॅकेट एकच होतं, ते पोरीला घातलं. निखिलनं स्वतःचं काढून आजीला घातलं. साहेबांनी मना केलं. तो म्हणाला, "मेरे को तैरना आता है, साब।" परतताना वाहत आलेलं सागाचं खोड बोटीला धडकलं. पोरगी पाण्यात पडली. त्यानं उडी मारली, तिला साहेबांच्या हातात दिलं. दुसरा लोंढा आला, तो त्याला घेऊन गेला.

रेडिओवर हवालदारसाहेबांचा आवाज आला. "दो सिविलियन सेफ। एक जवान मिसिंग। ओव्हर।" सुभेदारसाहेबांनी माझ्या हातातून रेडिओ घेतला.

निखिल दोन दिवसांनी सापडला.

एका चॅनलवाल्यानं बातमी चालवली: गावकऱ्यांच्या गाण्यामुळे जवानाचा बळी. एसीत बसून! त्या पाण्यात दुसरी कुठलीही हाक चालली नसती. गाण्यामुळे पाच माणसं जिवंत आहेत. शाळेनं ओळ झेलली ती निखिल एकटा पडू नये म्हणून. यात दोष शोधणाऱ्यानं एकदा त्या काठावर उभं राहून दाखवावं. चौकशीत मी हेच सांगितलं. अग्निवीर म्हणून चार वर्षांची नोकरी संपवून घरी आलो, आता या पत्रकातूनही हेच छापतो. दर अकरा ऑगस्टला जगभर या संगीताचा वाढदिवस करतात. आम्ही माजरीत त्याच दिवशी निखिलचा स्मृतिदिन करतो.

पहिल्या वर्षी मी युनिटमधून आलेला फोटो फ्रेम करून त्याच्या घरी नेला. वर्दी, सावधान, ओठ घट्ट मिटलेले. त्याच्या आईनं तो हातात घेतला, पदरानं पुसला आणि मला परत दिला. आतून दुसरा आणला. जयंतीच्या स्टेजवरचा, माईक हातात, घामानं भिजलेला, तोंड पूर्ण उघडं.

"हा लाव, बापू," ती म्हणाली. "माह्या पोराचा तोंड मिटलेला फोटो नोको."